अठ्ठाविसावा दिवस

चेंबूरच्या जुन्या वसाहतीतली इमारत नंबर सतरा
फेब्रुवारीत पाडली.
आमच्या साइटवर ती गोणीतून आली,
दळून, धुऊन, चाळणीखालून,
वीस मिलिमीटरचे तुकडे होऊन.
चलनावर नाव : पुनर्वापरित खडी.
दुर्गाप्पा म्हणतो, उष्टी खडी.

दुर्गाप्पाचा बाप कांदिवलीच्या खाणीत सुरुंग भरायचा.
"तो दगड कोरा असायचा, मॅडम.
पहिला घाव आमचाच.
ह्यानं मात्र आधीच एक घर केलंय."
असं म्हणून एक तुकडा उचलतो,
शर्टाला पुसतो
आणि जिभेच्या टोकाला लावून बघतो.

मी हसते. माझ्याकडे मशीन आहे.

शंभरात वीस हिस्से ही खडी.
सिमेंट निम्मंच, बाकी
पोलादाच्या भट्टीवर साचलेली मळी, पिठासारखी दळलेली.
तेवढा धूर हवेत कमी गेला म्हणून
आर्किटेक्टच्या पडद्यावर
आमची इमारत हिरवी दिसते, गच्चीवरून वेल सोडलेली.
पण ही मळी दमानं घट्ट होते.
टिपणीस साहेब विचारतात, दम कुणाकडे आहे?
सातव्या दिवसाचा आकडा बघून
त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

चौथ्या स्लॅबच्या पोटात सळईला बांधलाय
अंगठ्याएवढा सेन्सर.
ओतला त्या रात्री दीडला, अडीचला, साडेतीनला
मुलुंडला माझ्या उशाशी फोन उजळत होता :
एकोणपन्नास. बावन्न. बावन्न.
नवरा कूस बदलून म्हणाला, कुणाला ताप आलाय?
सकाळी दुर्गाप्पानं ओल्या गोणपाटाखाली तळहात सरकवला.
"उतरायला लागलाय."
फोनही तेच म्हणत होता.
सेन्सरची किंमत दुर्गाप्पाच्या अकरा हजेऱ्या.
बॅटरी चार महिन्यांची,
मग तो मुका होऊन तिथेच राहणार,
इमारत नंबर सतराला जेवढं आयुष्य मिळालं
तेवढं तरी, असं धरून चालू.

आज अठ्ठाविसावा दिवस.
टाकीतून क्यूब काढला, पुसला, मशीनमध्ये ठेवला.
काटा चढत गेला. पन्नास टन, साठ,
सत्तरला तो आतून "हं" म्हणाला
आणि फुटला, जसा फुटायला हवा तसा,
चारी बाजूंनी, मधे डमरू उरवून.
पंचवीस मागितले होते, साडेतीस दिले.
टिपणीस साहेबांनी उभ्या उभ्याच सही केली.

ढिगारा उचलताना दुर्गाप्पा थांबला.
एका तुकड्याला पिस्ता रंगाचा पापुद्रा,
कुणाच्या तरी भिंतीचा.
दुसऱ्यात करंगळीच्या नखाएवढी शिंपली,
सत्तर टनांखालून अख्खी आलेली.
मला वाटलं, किती सुंदर.
फोटो काढायला फोन बाहेर काढला.

"खाडीची वाळू होती त्यांची," तो म्हणाला.
"धुतली नव्हती नीट.
म्हणून तर सतरा नंबरच्या सळया फुगल्या.
मी गोणी आल्या त्या दिवशीच म्हणणार होतो, खारट आहे.
तुम्ही हसलात."

मीठ वजन घेत नाही,
म्हणून मशीनला सापडत नाही.
पंधरा वर्षं गप्प बसतं
आणि मग लोखंड खातं.

गेटवरचे दोन ट्रक थांबवले.
नमुने ठाण्याच्या लॅबला पाठवले, आठ दिवस लागतील.
टिपणीस साहेब आता माझ्याशी मोठ्या आवाजात
फक्त मराठीतून बोलतात.
चौथा स्लॅब वर तसाच आहे, कोरडा, शांत.
फोन म्हणतो : एकतीस अंश, सर्व ठीक.

सहा वाजता सगळे गेल्यावर
मी चाळणीमागे गेले,
एक तुकडा ओढणीला पुसला
आणि जिभेला लावला.
धूळ लागली. चुना लागला.
त्यामागे आणखी काहीतरी.

पुन्हा लावून पाहिला.