पोतं

आर्णीच्या बाजारातून आणलेलं खाद्याचं पोतं
पलंगाखाली होतं. भिंतीला ओल.

प्रांजूनं मूठ भरली, नाकाशी नेली.
"बाबा, याले पेवाचा वास येते."
मला काहीच आला नाही;
तंबाखूनं माझं नाक केव्हाच नेलं.

तिनं गोळी चुरली: आत हिरवट जाळं,
बोटांवर पीठ, पिठात चालता किडा.

"वरचं वरचं काढू," मी म्हटलं,
साडेचारशे रुपये डोळ्यासमोर.

"सशाले ओकता नाही येत, बाबा.
गिळलं का गिळलं."

पिंजऱ्यात दोघं नाक हलवत
माझ्याच हाताकडे पाहत होते.

पोतं खोल पुरलं,
कोंबड्यांनी उकरू नये इतकं.

सांजेला बांधावरची हरळी आणली.
तिनं काडी न् काडी हुंगली.
मग मीही एक हुंगली.
काही कळलं नाही.
तरी हुंगली.