वरच्या मानसाला काय द्यावं

ईद आली सहा दिसावर
आन् औशाच्या शिवारातली बारा झाडं अजून झोडायची राहिल्याली.
आम्ही खाली चिंचा येचनाऱ्या नवजनी.
दर एकीनं तीस रुपये काढले,
कौसाबाईनं पन्नास, कारन तिची मस्तानमामूकडं उसनवारी होती.
दोनशे नव्वद झाले.
आता वर चढनाऱ्या मानसाला द्यावं काय?

बूट, गया म्हन्ली.
बुटाला फांदी कळत न्हाई, पारू म्हन्ली.
त्याच्या तळव्याला कळतं कोनती आतनं वाळली,
जसं आपल्याला भाकरीला बोट लावलं की कळतं.

घड्याळ? खोडाला घासून काच जाईल.
हेल्मेट? मोटरसायकलीचं?
वर काय कावळे चलान फाडायलेत का!
हसता हसता पाटी उलटली, मुकादम वरडला.

टावेल. अत्तराची बाटली. बनियन.
बनियन तर पायजेच, खालनं दिसतं न्हवं,
छाती सोलल्याली, बाभळीच्या सालीवानी.
पन परक्या बाप्याला बनियन द्यावं कसं?
नवऱ्याच्या हातनं द्यावं तर
नवरा म्हनंल, तुला कामून दिसली त्याची छाती.
बनियन गेलं.

दोर, सगळ्यात धाकटी शकू म्हन्ली,
चांगला नायलॉनचा, कमरंला बांधायला.
ह्याच्यावर कोनी बोललं न्हाई.
तिचा बाप जांभळीवरनं पडला होता.
जांभूळ दगा देती, चिंच देत न्हाई, म्हनत्यात.
म्हननारे समदे खाली असतेत.

शेवटाला त्यालाच इचारलं.
रोजा होता, ओठ वाळल्याले,
आकडीची काठी खोडाला टेकवून म्हनला,
"मला? एक दिस मला खाली बसू द्या.
तुम्ही चढा."
आन् हसला, दात चिंचोक्यासारके.

म्या न्हाई हसले.
माहेरी, निलंग्याकडं, म्या लिंबावर चढायची.
न्हान आलं तवा आई म्हन्ली, आता चढलीस तर पाय मोडीन.
त्याला तेहतीस वर्षं झाली.
कासोटा घातला.

पैल्या बेचक्यापतुर गुडघा कुरकुरला.
दुसऱ्यात मुंगळे.
तिसऱ्यावर वारा लागला, खाली लागतच न्हाई तसला.
तिथनं औशाच्या किल्ल्याचा बुरूज दिसतो,
लातूरच्या रोडवरची बस, काडेपेटीएवढी,
आन् आम्ही दिसतो.
आठ भांग,
आन् पाट्या वाहून वाहून
टाळूवर केस गेल्याली आठ गोल जागा.
म्हन्जे हे ह्याला रोज दिसतं
आन् कदी बोलला न्हाई.

खाली मस्तानमामू,
दोन्ही हात पसरून, पोर झेलायला उभं ऱ्हावं तसा.
साठीचा मानूस, तोंडात थुका न्हाई,
"उतर गे माय, अल्ला के वास्ते उतर,
डाव्या फांदीवर पाय नको, नको म्हन्लं ना!"
आवाज चिरकला.
आमचा रोज असाच चिरकतो, मामू.
तुमच्या तिथवर पोचत नसंल.

म्या फांदी हलवली, थोडीच.
पसाभर चिंचा पडल्या, एक त्याच्या टोपीवर.
त्यानं वाकून येचल्या, एकेक.
उतरले तवा माझ्या पोटऱ्या थरथरायल्या,
त्याचे हात.

दोनशे नव्वदचं काय केलं म्हनाल तर
दोर घेतला. शकूच जाऊन आली.
दुकानदारानं इचारलं, म्हशीला का?
ती हो म्हन्ली.

ईद झाल्यावर तो शीरखुर्म्याची कॅन घेऊन आला.
दोर कमरंला बांधत न्हाई अजून,
बुडाशी टांगून त्याला डबा अडकवतो.
पन आता फांदी बदलली की
वरनं, कोनी न इचारता, हाळी देतो:
हाय.
हाय.
हाय अजून.