चेहरा जुळत नाही

शारजाच्या रोला चौकात एक वड होता.
आता वडाचं स्मारक आहे.
मी आलो एक्याण्णवला, तेव्हाच वड गेलेला होता,
तरी त्याच्या सावलीत काय गारवा असायचा
हे मी नव्या पोरांना डोळे मिटून सांगतो.

मी पुरुषोत्तम उकिडवे, मुक्काम चौथा मजला,
स्पेअर पार्टच्या दुकानात हिशेबनीस.
मत विचारलं नाही तरी देतो,
त्यावर अजून व्हॅट लागत नाही.

पूर्वी तक्रारीच्या खिडकीला तक्रारीची खिडकी म्हणत.
माणूस रागावून जायचा, रागावून परत यायचा,
हिशेब चोख.
आता तिथे पाटी आहे: आनंद केंद्र.
टोकन घ्या, सोफ्यावर बसा, कॉफी प्या,
जाताना पाच चेहऱ्यांपैकी एक चेहरा दाबा.
भांडायचं कुणाशी?

सरकारी कचेऱ्या आठवड्यात चारच दिवस.
उरलेले तीन दिवस माणसानं काय करायचं?
निहार म्हणतो, "बाबा, स्वतःला वेळ द्या."
दिला एकदा.
अर्ध्या तासात मी आणि मी, दोघंही कंटाळलो.

सूनबाई मांजराची आई झाली आहे.
मांजराचा विमा आहे, वाढदिवस असतो,
आणि पोळी त्याला चालत नाही, ग्लुटेन म्हणे.
कुमुदिनी मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढते.
मी काही बोललो नाही.
मांजर झोपतं माझ्याच मांडीवर, तो विषय वेगळा.

जुनं ते सोनं, असं म्हणायचो.
गेल्या आठवड्यात सूकमध्ये भाव पाहिला
आणि म्हण मागे घेतली.

देशाभिमानात मात्र तडजोड नाही.
रुपया घसरला की मला रात्रभर झोप लागत नाही.
सकाळी एक्स्चेंजचं शटर वर जातं
तेव्हा रांगेत पहिला मी असतो.
दुसरा कुंजूमोन.
आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

तर परवाची गोष्ट. ओळखपत्राची मुदत संपत आली.
पूर्वी टायपिंग सेंटरात बशीर होता.
कागद सरकवायचे, तो अरबीत बडवायचा,
उजवीकडून डावीकडे,
आणि उकिडवेचं ओकीदफी करून द्यायचा.
इतकी वर्षं मी सुखानं ओकीदफी होतो.
आता बशीर नाही, ॲप आहे.

ॲप म्हणालं, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा,
नऊ चौकोनांतले उंट ओळखा.
ओळखले. त्यातला एक टेकडी निघाला.
मग म्हणालं, चेहरा गोलात आणा.
पापणी मिटा. मान डावीकडे. हसा.
हसलो.
चेहरा जुळत नाही.
चश्मा काढला, कुमुदिनीनं टॉर्च धरला,
मांजराला खाली ठेवलं.
चेहरा जुळत नाही.

कुठल्या फायलीतून त्यांनी काढला कोण जाणे,
निहारनं फोटो मोठा करून दाखवला:
झुपकेदार मिशी, कानांवर केस,
कॉलर अशी की वाऱ्यानं उडेल,
आणि छाती, जणू सगळे टॉवर हाच बांधणार.
मी विचारलं, "हा कोण?"
"तुम्हीच, बाबा."

सगळं बदललं, मी तेवढा होतो तसाच,
हे माझं जेवतानाचं वाक्य.
त्या रात्री मुकाट्यानं आमटी-भात खाल्ला.
सूनबाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का.

सकाळी आनंद केंद्रात गेलो.
टोकन एकशे बारा. कॉफी घेतली, दोन घेतल्या.
काउंटरवरच्या पोरीनं फोटो पाहिला, मला पाहिलं,
"सर, मिशी कधी काढलीत?"
म्हटलं, "नव्व्याण्णवला."
"का?"
मी इकडेतिकडे पाहिलं, कुंजूमोन नव्हता.
"तेव्हा फॅशन होती."

तिनं ठप्पा मारला. नाव वाचलं, ओकीदफी.
बाहेर पडताना ते पाच चेहरे समोर आले.
मी मधला दाबला,
ना हसरा, ना रडका.
तत्त्व म्हणजे तत्त्व.