चुन्याचा डबा

आर्मासच्या स्वयंपाकघरात दोन रिब्रीदर,
एक टेबलावर, एक खाली जुन्या वर्तमानपत्रावर.
बाहेर उणे चौदा. खिडकीपलीकडे खाण,
बर्फाचं झाकण घातलेली.
तिच्यात त्याचा बाप चुनखडी फोडायचा.
मग पंप थांबले, पाणी चढत गेलं,
शिड्या, रूळ, एक ढकलगाडी
जिथल्या तिथं राहिली.

तीन महिने मी तक्ते केले होते.
वजन, किंमत, पिशव्या छातीवर की पाठीवर,
ऑक्सिजन यंत्र सोडणार की माझं बोट,
सुटे भाग तांपेरेत मिळतील की जर्मनीहून मागवायचे.
स्थळ बघायला आल्यासारखी
मी दोन्हींभोवती फिरले.

"कशाला हवंय?" कॉफी ओतत त्यानं विचारलं.
म्हटलं, बुडबुडे नकोत आता.
वीस वर्षं पाण्यात नुसती बडबड करत आलेय,
माझ्या एकेका उच्छ्वासाला कपारीतला मासा पळतो.
आणि हिशेब बघ ना,
हवेतल्या शंभरात एकवीस भाग ऑक्सिजन,
त्यातले चार-पाच वापरायचे, उरलेले वर उधळायचे.
आमच्या घरात इतकी उधळपट्टी
कुणी मिठाचीसुद्धा केली नाही.
शिवाय माझं नाव हिल्या.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ निःशब्द.

तो हसला नाही.
"सोफ्यावर बस. नाक मिटून पाच मिनिटं ओढ."

पहिल्या मिनिटाला रबराची चव.
श्वास गेला, फिरून आला,
कोमट, ओलसर, ओळखीचा.
मनगटावर तीन आकडे, तिन्ही हिरवे.
आर्मास बापाबद्दल सांगत होता,
रविवारीसुद्धा त्याच्या भुवया पांढऱ्याच असायच्या म्हणे.
दुसऱ्या मिनिटाला ठरलं, हेच घ्यायचं.
तिसऱ्याला वाटलं, चूल जास्त पेटलीय का?
छाती भराभर हलायला लागली. कपाळात घण.
आकडे हिरवे.
मी आकड्यांकडेच बघत राहिले,
जणू गुदमरायलाही
त्यांची परवानगी लागणार होती.

नळी त्यानंच काढली माझ्या तोंडातून.
मग यंत्राचं झाकण उघडून डबा पुढे धरला.
रिकामा.
पांढरा दाणा औषधालाही नाही.

"ऑक्सिजन भरपूर होता.
तूच सोडलेलं तुला परत मिळत होतं.
ते मोजणारा सेन्सर यात नाही.
ते चुन्यानं खायचं असतं,
आणि चुना आपण भरायचा असतो."

म्हणजे चुना न भरता
मला चुना लावला होता
त्या खाणकामगाराच्या पोरानं.

मी चिडले. कप बशीत वाजत राहिला.
मला सांगितलं का नाहीस?
"तू विचारलंस का? झाकण उघडलंस?
साधी टाकी संपत आली की श्वास जड होतो, कळतं.
हे मुकं जनावर. हूं की चूं करत नाही."
मग बराच वेळ गप्प.
मग बन पुढे सरकवत,
"वेलदोडा जरा जास्त झालाय. खा तरी.
आणि सांग, दोन्हींतलं कुठलं?"

एकाचा पडदा अजून संरक्षक कागदासकट चमकत होता.
दुसऱ्याच्या डब्यावर पेन्सिलीच्या रेघा,
भरल्याच्या तारखा, काही पुसट,
एक खोडून पुन्हा लिहिलेली.

त्या दिवशी मी एकही उचललं नाही.
त्याच्या फ्रिजवर चुंबकाखाली यादी होती, ती मागितली.
कॉफीचे डाग, चौदावी ओळ दोनदा अधोरेखित:
डबा भरला? स्वतःच्या हातानं? ठोकून, दाणे बसवून?
पैसे नको म्हणाला.
"मार्चमध्ये ये. तेव्हा मी बोलणार नाही,
तू विचारायचंस."

बसथांब्यावर दिव्याखाली
माझी वाफ निघत होती, विरत होती,
सगळी वाया.
डोकं अजून ठणकत होतं.
बसला अकरा मिनिटं.
थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं.
मी हातमोजा काढला, कागद उलगडला
आणि पहिल्या ओळीपासून
मोठ्यानं वाचायला लागले.