गाळणी

माझ्या प्रबंधातली एक ओळ अजून तशीच चालते:
दोनपेक्षा कमी मनोऱ्यांवर दिसणारा वगळावा.
मी सत्तावीस वर्षांची होते तेव्हा, तार्तूत,
तळघरातल्या खोलीत पंखे घरघरायचे
आणि रोज लाखो नोंदी उतरायच्या पडद्यावर.
नाव नाही, गाव नाही, आकड्यांची एक शेपटी,
रात्री कुठे टेकली, सकाळी कुठून उठली, एवढंच.
प्राध्यापक आर्वेत चष्म्यावरून बघत म्हणायचे,
"हालचाल शोधतेस ना?
मग पायाला भिंगरी आहे तेवढे ठेव.
बसलेल्यांनी आलेख बिघडतो."

मीही पुढे हेच सांगत हिंडले, लिस्बनला, सोलला,
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर चुकीचं छापलेलं नाव.
सांगायचे, माणूस फारसं नवं काही करत नाही:
घर, काम, घर, शनिवारी सासू.
इथे हशा पिकायचा.
शनिवारची सासू सगळ्या देशांत चालते.

आई कोदावेरेला, सरोवराच्या काठी.
फोन मीच घेऊन दिलेला;
तो खिडकीत, जिरेनियमच्या कुंडीला टेकून,
बाहेर कुंपणावर शेजारणीच्या कांद्यांच्या वेण्या.
एका फेब्रुवारीत तिने रात्रीच फोन केला:
"अगं, रशियात तुमचं स्वागत आहे म्हणतात.
मी तर बाही विणत बसलेय."
मी समजावलं, पाणी गोठलं की लहरी लांब सरकतात,
पलीकडचा मनोरा तुला उचलून घेतो.
"म्हणजे मी गेले नाही?"
"नाही."
"मग पैसे कशाचे कापले?"

याला आमच्यात पिंगपाँग म्हणतात.
पाच मिनिटांत तीस किलोमीटर, बर्फावरून, पंचाहत्तरीत:
अशक्य. वगळा.
म्हणजे ती दोनदा गळली,
एकदा बसून राहिली म्हणून,
एकदा उडी मारली म्हणून.

नऊ वर्षांची होती, मार्च महिना,
गुरांच्या डब्यातून पूर्वेला नेलं होतं तिला.
परत आली तेव्हा सोळा वर्षांची, मोठ्या माणसाच्या कोटात.
मधे किती स्टेशनं लागली?
त्यानंतर ती तार्तूलाही नाइलाजानेच यायची,
दात दुखला तर, माझ्या पदवीदानाला.
मला वाटायचं, स्वभाव.
विचारलं नाही कधी.
अनोळखी लोकांचे प्रवास मोजण्यात
वीस वर्षं गेली माझी.

परवा केर्तू आली, नवी विद्यार्थिनी, बुटांना चिखल.
"ही ओळ कशासाठी आहे?"
मी तोंड उघडलं, आणि आर्वेत सरांचं वाक्य
जिभेवर येऊन अडलं.
"काढून बघ," म्हटलं.
नकाशा भरायला वेळ लागला.
नेहमीच्या रेषांच्या मधल्या रिकाम्या जागांत
ठिपके उगवू लागले, जागच्या जागी,
बेटांवर, जंगलाच्या कडेला, सरोवराकाठी ओळीने.
केर्तू म्हणाली, "एवढे?"
मग आम्ही दोघीही काही बोललो नाही,
पंखे मात्र तसेच, तेव्हासारखे.

आईला जाऊन चौदा महिने झाले.
घर विकलं नाही. फोनही खिडकीतच आहे,
चार्जरला लावलेला; शेजारीण कुंडीला पाणी घालते.
बिल माझ्याकडे येतं, मी भरते.
या महिन्यात ती चार वेळा जाऊन आली.