डागांची वही

पट्टी वर चढते तेव्हा राखाडी असते,
निवलेल्या चुलीच्या रंगाची.
कथील अंगावर बसलेलं, पण उजळलेलं नाही.
मनोऱ्यात वीज तिच्या अंगातून जाते
आणि दोनशे बत्तीस अंशांवर,
डोळा लवायच्या आत,
सगळं कथील पाणी होतं.
लगेच ती उतरते, सरळ खाली,
मिनिटाला तीनशे मीटर,
आणि बुडते टाकीत.

टाकीतलं पाणी गार नसतं.
हे नव्या पोरांना पटत नाही.
ऐंशी अंशांचं पाणी निववतं कसं?
अडीचशेवरून आलेल्याला
ऐंशी म्हणजे माघातली विहीर.
त्याहून गार दिलं तर पट्टी दचकते,
आणि दचकणं कथलावर तसंच गोठतं.

माझी जागा शेवटी, नळकांडी दिव्यांखाली.
पट्टी पळते, तिच्यातला माझा चेहरा
जागचा हलत नाही.
डाग दिसला की वहीत लिहायचं:
वेळ, कडेपासूनचं अंतर, रंग.

त्या आठवड्यात डाग आले,
दुधाचे ओघळ वाळावेत तसे, पांढुरके.
फवाऱ्यांची तोंडं खरवडली.
रोलर पुसले, पुन्हा पुसले.
पुण्याहून एक तज्ज्ञ आला.
तो उभा होता तेवढा वेळ पट्टी लख्ख.
सुरमई खाऊन गेला.

सोमवारी पहाटे तीन.
मंगळवारी पावणेचार.
बुधवारी साडेचार.
दुपारीसुद्धा त्याच आकड्यांवर,
कोणी बोलावल्यासारखे.

काशिनाथ वासावे पंपावर असायचा.
दाभोळ धक्क्यावरची होडी विकून
इथल्या निळ्या गणवेशात आलेला,
खिशाला अजून जाळ्याची सुई.
चहाला आला, वही आपल्याकडे फिरवली,
बोट ठेवत खाली गेला.
"ह्यां काय डागांचा लिवलंय?
ही भरती हाय, मॅडम."

सोमवारी चवथ होती.
तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं.
चार त्रिक बारा, बाराचे तीन.
पंचमीला पावणेचार.
"माज्या बापाक सही येत नवती,
पन ह्या हिशोबात कदी चुकला नाय."

मग तो टाकीपाशी गेला.
नमुन्याच्या नळाखाली बशी धरली,
फुंकली, चहा फुंकतात तशी,
जिभेवर घेतलं
आणि थुंकला.
"खाडी आत इली."

प्रयोगशाळेचा कागद दोन तासांनी आला.
त्यावर आकडे होते.

रविवारी ओहोटीला शीतक उघडला:
चारशे बारा नळ्या,
बाहेरून खाडीचं पाणी, आतून आमचं.
एकीला भोक, सुईच्या अग्राएवढं,
आणि शेजारी चिकटलेलं एक कालव,
जणू वाट दाखवायला थांबलेलं.
भरतीला खाडीचा जोर वाढायचा,
पाण्यात मीठही जास्त,
आणि पन्नास फुटांवर आतमध्ये
माझ्या आरशाला घाम फुटायचा.

पितळेची खुटी ठोकली दोन्ही तोंडांत.
वासावे बघत होता.
होडीची फट अशीच भरतात, म्हणाला,
फक्त कापूस आणि राळ घालून,
आणि शिव्या देत.

कंपनीने त्याला प्रशस्तिपत्र दिलं, आणि मिक्सर.
प्रशस्तिपत्रावर आडनाव 'वसावे' छापलं होतं.

आता रंगाच्या रकान्यात मी
आडवी रेघ मारते.
याच पत्र्याचे डबे होतात,
रत्नागिरीला जातात, आमरस भरून
कुठल्या कुठे उघडतात,
आत डाग नसतो.

मध्यंतरी त्याने पुन्हा चाखलं,
माझ्यादेखत, त्याच बशीत.
बराच वेळ तोंडात धरून गिळलं.
"चवच नाय ह्येका. ह्यात मासो जगायचो नाय."
तसंच लागतं ते, मी म्हटलं,
आम्ही पैसे मोजून त्यातलं सगळं काढतो.
तो हसला नाही.

रात्रपाळी असते, चवथ येते.
तीन वाजता कारण नसताना मी मान वर करते.
पट्टी पळत असते.
भिंतीपलीकडे, चिखलातून,
खाडी चढत असणार.