तिसरी चौकट

ओलास्कोआगा वारल्यावर त्याच्या मुलीनं
बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला.
बाबा सेन्सॉरमध्ये होते, म्हणाली,
हे तुमच्या पेपराचंच असेल.

आत बिर्रिएलच्या चित्रपट्ट्या. न छापलेल्या, सगळ्या.
चौकातला ब्राँझचा घोडा, त्यावर जनरल.
घोडा म्हणतो : जरा उतरता का, पाठ अवघडलीय.
जनरल म्हणतो : इतिहास उतरत नसतो.
तिसऱ्या चौकटीत जनरलच्या टोपीवर कबुतर.
बस.

घोडं तिथंच पेंड खायचं.
कबुतर काय करून उडणार, हे उरुग्वे नदीकाठच्या आमच्या गावात
शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

प्रत्येक पट्टीवर लाल पेन्सिलीची फुली.
पहिल्या वर्षी ठसठशीत, कागद फाडणारी,
पुढं पुढं वाकडी,
हसू दाबताना हात हलावा तशी.
एकीच्या मागं बारीक अक्षरात :
"शेपूट परवा डावीकडं होतं. चूक."

बिर्रिएल म्हातारपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचा,
ब्रश पुसत विचारायचा,
वाचलं तरी का रे कुणी ते?

वाचलं, दोन बिर्रिएल.
शेपटीसकट.